बिनलेबलची पांढरी डबी आणि माझे ६४,३८० रुपये

गालावरचे वांग घालवून देतो म्हणून एका ‘स्किन क्लिनिक’ने माझ्याकडून ६४,३८० रुपये काढले आणि वर चेहरा बिघडवून ठेवला तो वेगळाच. लिहायला लाज वाटते, कारण मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या आणि कागद तपासते. पण तेच दुकान आता पाटी बदलून दुसऱ्या रस्त्यावर सुरू झालंय आणि लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून लिहितेय. नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तशी ताकीद दिलीय.

आधी एक सांगते. मला गोरं व्हायची हौस नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. जायफळ उगाळून लावलं, मसुराचं पीठ लावलं, काही फरक नाही. काउंटरवर येणारी प्रत्येक बाई विचारणार, “ताई, चेहऱ्याला काय झालं हो?” त्यात सध्या जिकडे बघावं तिकडे ग्लास स्किन, म्हणजे काचेसारखा चकचकीत चेहरा. ऑफिसातल्या पोरींच्या पर्समध्ये सीरम, भाचीच्या तोंडी नायसिनामाइडसारखी क्रीममधल्या घटकांची नावं. अशा वेळी मोबाइलवर आपल्याच शहरातल्या क्लिनिकची रील आली आणि मी फोन केला, तर त्यात जगावेगळं काय केलं?

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. मोफत तपासणी, चेहऱ्यासमोर मशीन, स्क्रीनवर लालभडक डाग, आणि “आज बुक केलं तरच ही ऑफर”. रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये रोख घेतले. पॅकेज ४८,००० चं. एवढे नाहीत म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ताई, महिन्याला फक्त चार हजार. बिनव्याजी. कधीही बंद करता येतं.” आधार, पॅन, एक सेल्फी. मोबाइलवर ओटीपी आला. “रजिस्ट्रेशनचा आहे, सांगा.” मी सांगितला. तो रजिस्ट्रेशनचा नव्हता. एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं ते, बारा हप्त्यांचं, आणि त्यावर प्रोसेसिंग फी १,१८०. कंपनीने सगळी रक्कम क्लिनिकला देऊन टाकली. क्लिनिकचं काम तिथेच संपलं, माझे हप्ते मात्र सुरू झाले.

कर्जाचा ओटीपी कर्जाचाच असतो, मेसेज पूर्ण वाचा. मुख्य अटींचा एक कागद कर्ज देणाऱ्याने द्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि सुरुवातीचे काही दिवस दंड न भरता असं डिजिटल कर्ज परत करता येतं. मला तो कागद ईमेलवर आला होता. जो ईमेल मी वर्षातून दोनदा उघडते, त्यावर.

मग ‘कोरियन किट’, ६,५०० रुपये. खोक्यावर सगळी कोरियन अक्षरं. भारतात आणणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आयात नोंदणीचा नंबर नाही, एमआरपीसुद्धा नाही. आयात कॉस्मेटिकवर हे सगळं असावं लागतं. नसेल तर तो माल चोरवाटेने आलेला तरी असतो नाहीतर बनावट तरी.

आणि ती पांढरी डबी. अठराशेला एक, अशा चार. ७,२०० रुपये.

ही डबी हातात आली तो क्षण मला अजून झोपू देत नाही. सुपारी ठेवावी एवढी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर पेनाने लिहिलेलं ‘नाईट’. मी विचारलं होतं! स्पष्ट विचारलं होतं की यावर नाव का नाही, तारीख का नाही. ती मुलगी म्हणाली, “मॅडमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे. नाव छापलं की बाकीच्या पार्लरवाल्या कॉपी करतात.” तेवढ्यात माझा पेन खाली पडला, तो घ्यायला वाकले. टेबलाखाली डस्टबिन. त्यात शेपटापासून गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेल्या, चपट्या झालेल्या ॲल्युमिनियमच्या ट्यूब. पाच-सहा तरी असतील. एका ट्यूबवर उभी तांबडी रेघ. ही रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधावर असते. सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी ती रोज बघते. बघितली, पेन उचलला आणि पैसे दिले. समोर पांढरा कोट, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, एसी, मंद गाणं. अशा ठिकाणी बसून कुणी डस्टबिनवरून शंका काढत नाही. तुम्हीही काढली नसती.

आणि क्रीमने काम केलं, हे लक्षात घ्या. आठवडाभरात चेहरा असा उजळला की ऑफिसात सगळ्या विचारायला लागल्या. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, “आता बघ कशी दिसतेस.” फसवणूक म्हटलं की आपल्याला वाटतं माल निकामी असणार. इथे माल निकामी नव्हता, म्हणून तर मी दुसरी, तिसरी, चौथी डबी घेतली. आठवड्यात वांग फिके करणारी बिनलेबलची क्रीम दिसली तर तिथेच उठा. डागावरचा खरा इलाज एवढा घाईचा नसतो.

दिवाळीत माहेरी गेले आणि डबी घरी राहिली. भाऊबीजेपर्यंत गाल विस्तवासारखे पोळायला लागले. साधं पाणी लागलं तरी चुरचुर. हनुवटीवर फोड, कानाजवळ बारीक लव, वांग पहिल्यापेक्षा काळे. क्लिनिकला फोन केला तर म्हणे, “स्किन डिटॉक्स होतेय ताई, डबी बंद केली म्हणून झालं. परत सुरू करा.” हे वाक्य ऐकू आलं की समजा, तुम्हाला सवय लावलीय.

शेवटी खऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले, एमडी झालेल्या. त्यांनी भिंगातून गाल बघितला. कातडी पातळ झालीय, खालच्या लाल शिरा दिसताहेत म्हणाले. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, यांपैकी कुठलं तरी स्टेरॉइड असणार, बरोबर बहुधा हायड्रोक्विनोन, म्हणजे कातडीचा रंग फिका करणारं औषध, असं त्यांनी सांगितलं. २०१८ पासून अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मग त्यांनी लघवीची तपासणी लिहून दिली. चेहऱ्यासाठी लघवी कशाला, तर क्रीममध्ये पारा असेल आणि तो किडनीला बाधला असेल म्हणून. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची बातमी आली होती, एका पार्लरवालीची क्रीम लावून एकाच घरातल्या मायलेकींच्या किडन्यांना त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले किडनीच्या एकाच आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. माझा रिपोर्ट चांगला आला. तो हातात येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही.

आता सरकारी दारांचं ऐका.

पोलीस स्टेशनला आधी तास-दीड तास बसवलं. मग हवालदार म्हणाला, “ओटीपी तुम्हीच दिला ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे.” शेजारचा म्हणाला, “गोरं व्हायचं होतं का मॅडम?” आणि दोघे हसले. चार लोकांसमोर. माझ्या नावावर न सांगता कर्ज काढलं, चिठ्ठीचं औषध डबीत भरून विकलं, आणि यात यांना हसायला काय सापडलं? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर “साहेब आल्यावर या”.

औषधांवर देखरेख करणाऱ्या ऑफिसात डबी घेऊन गेले. “लेबल नाही, मग उत्पादक कोण म्हणून लिहायचं?” अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! वर म्हणे डबी उघडलेली आहे, असा नमुना चालत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याचं कलम २६ म्हणतं की माल विकत घेणाऱ्यालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मी प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती वाचली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “असा अर्ज आमच्याकडे कुणी करत नाही.” कुणी करत नाही, म्हणजे मीही करायचा नाही? कॉस्मेटिकमध्ये पारा घालायला या देशात मनाई आहे. नकळत आला तरी डोळ्यांचा मेकअप सोडून बाकी क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. नियम कागदावर कडक आहे, आणि माझी डबी तपासायला माणूस नाही. तिच्यात नेमकं काय होतं हे आजही मला कुणी सांगितलेलं नाही.

आरोग्य विभागात गेले तर तिथे सांगितलं, ते क्लिनिक नाही, पार्लर आहे, दुकानाची नोंदणी आहे, आमचा संबंध नाही. पाटीवर ‘क्लिनिक’, आत पांढरे कोट, सलाईनचे स्टँड! मलाही गोरेपणासाठी देतात ती ग्लुटाथिओनची सलाईन घ्या म्हणून मागे लागले होते. मला सुयांची भीती म्हणून वाचले. पण ज्यांनी घेतली त्यांना कोण विचारणार? त्या ‘मॅडम’ डॉक्टर नव्हत्या, कुठलासा कोर्स केलेल्या. डॉक्टर म्हणवणाऱ्याचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारायला अजिबात लाजू नका.

आणि फायनान्स कंपनी. “सेवा मिळाली नाही तो तुमचा आणि क्लिनिकचा प्रश्न, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल.” सिबिल म्हणजे कर्जबाजारातली आपली पत, आणि पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या बाईला एवढी धमकी पुरते. मी हप्ते भरतेय. कुणाला असं झालं तर कंपनीला लेखी तक्रार द्या, तोंडी नको. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. तीस दिवस मोजायला तारखेचा पुरावा लागतो. मी सुरुवातीला नुसते फोन केले, ते सगळे वाया गेले.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथे बिल मागतात. माझ्या बिलावर फक्त ‘स्किन सर्व्हिस’ लिहिलंय, डबीचा उल्लेखच नाही. म्हणून यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज, विशेषतः ‘परत सुरू करा’ वाला, सगळं जोडलंय. पुढची तारीख दीड महिन्यावर आहे.

तुमच्याकडे अशी डबी असेल तर आज रात्री लावू नका आणि उद्याच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण एकदम बंद केली की चेहरा भडकतो, तो कसा सांभाळायचा ते त्यांनीच सांगायचं. डबी फेकू नका. झाकण लावून, तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. उद्या हीच डबी पुरावा म्हणून लागेल.