सहा महिन्यांची सरकारी सोबत: टीबी उपचार सेवेचा साताऱ्यातील अनुभव

माझ्या धाकट्या भावाने डिसेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात सातारा जिल्ह्यातील एका सरकारी क्षयरोग केंद्रातून फुफ्फुसाच्या टीबीवर पूर्ण उपचार घेतले. या सेवेविषयी लिहायचे, हे उपचार चालू असतानाच आम्ही दोघांनी ठरवले होते. आपल्याकडे रसवंतीपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळ्यांचे अभिप्राय वाचायला मिळतात, पण टीबीच्या सरकारी उपचारांविषयी कोणी लिहीत नाही, कारण लिहायचे म्हणजे आपल्या घरात हा आजार होता हे चारचौघांत सांगायचे. भावाची परवानगी घेऊन मी ते सांगतो आहे. केंद्राचे नाव मात्र देत नाही. जे चांगले झाले आणि जिथे उणे पडले, ते दोन्ही त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल.

भाऊ ३४ वर्षांचा आहे. कोरेगाव तालुक्यातून भाजीपाला आणि आले भरून तो टेम्पोने वाशीच्या मार्केटला नेतो. रात्रभराचे जागरण आणि जेवणाच्या वेळांचा मेळ नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला खोकला आम्ही कोणीच मनावर घेतला नाही. एका खाजगी दवाखान्यात पाच आठवडे खोकल्याचे औषध चालले, दोनदा अँटिबायोटिक बदलून झाले, पण छातीचा फोटो काढा किंवा थुंकी तपासा असे तिथे एकदाही सांगण्यात आले नाही. तोपर्यंत रोज संध्याकाळी कणकण यायला लागली होती, रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम येत होता आणि कमरेच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोके पाडली होती. शेवटी गावातल्या आशाताईंनीच त्याला रस्त्यात थांबवले. ‘‘दोन आठवड्यांच्या पुढं खोकला गेला की थुंकी तपासायची, भाऊ. उद्या सकाळी मी डबी देते,’’ असे त्या म्हणाल्या. माझ्या हिशेबाने ही सेवा तिथूनच सुरू झाली आणि तिथेच तिने पहिले गुण मिळवले.

डबी देताना आशाताईंनी जे समजावले ते मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी अनेकांचा तपास चुकतो. पहाटे उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. तोंडातली लाळ उपयोगाची नाही. हे काम घरात न करता उघड्यावर, माणसांपासून लांब करायचे. नमुना सीबीनॅट यंत्रावर तपासला गेला. हे यंत्र थुंकीतील जंतूंची जनुकीय खूण शोधते, दोन तासांच्या आत निदान देते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही हेही त्याच वेळी सांगते. आमच्या हातात अहवाल दुसऱ्या दिवशी आला: टीबी आहे, औषधाला दाद देणारा आहे. त्याच दिवशी साखर आणि एचआयव्ही तपासणी झाली, वजन ४६ किलो भरले, सरकारी नोंदीचा निक्षय क्रमांक मिळाला आणि गोळ्या हातात पडल्या. पाच आठवड्यांत जे झाले नव्हते ते दीड दिवसात झाले, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. शाळेत वाचलेले थोरले माधवराव पेशवे डोळ्यांपुढे येत होते. राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयानेच, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. पानिपतानंतर सावरलेले राज्य त्या एका मृत्यूने पुन्हा खचले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. पेशव्यांच्या पदरी वैद्यांची वाण नव्हती; या रोगावरचे औषधच तेव्हा जगात कुठे नव्हते.

मानवी इतिहासातले सर्वांत घातक साथीचे रोग म्हटले की आपल्याला प्लेग आणि देवी आठवतात. सातारकरांना तर प्लेग विसरताच येत नाही, कारण याच जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. चौदाव्या शतकात प्लेगने चार-पाच वर्षांत युरोपची निदान एक तृतीयांश वस्ती नेली, आणि १८९६ साली मुंबईत उतरलेल्या साथीने पुढच्या काही दशकांत भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९१८ च्या इन्फ्लुएंझानेही आपल्या देशात एक कोटीच्या वर माणसे मारली. पण या साथी आल्या, गावे ओस पाडून गेल्या आणि ओसरल्या. देवीचा रोग तर १९८० साली जगातून कायमचा गेल्याचे जाहीर झाले. क्षय मात्र कधी ओसरलाच नाही. गेल्या दोनशे वर्षांत त्याने सुमारे शंभर कोटी माणसे नेली असा अंदाज केला जातो. एकट्या २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख लोकांना तो झाला, साडेबारा लाख दगावले, आणि त्या वर्षीच्या जगभरातल्या रुग्णांपैकी सव्वीस टक्के आपल्या देशातले होते. प्लेगची गाठ दिसली की माणसे घर सोडून रानात राहायला जात. क्षयाचा खोकला मात्र आपण चहात आले घालून महिना-दीड महिना अंगावर काढतो. आमच्या घरी तेच झाले होते.

आता उपचारांविषयी. पहिले आठ आठवडे चार औषधांची एकत्र गोळी असते: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे सोळा आठवडे पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ४६ किलोला रोज तीन, सकाळी उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी केंद्रातल्या आरोग्य सेविकेने सांगून ठेवले होते की लघवी नारिंगी होईल, घाबरायचे नाही. डोळ्यांना धूसर दिसू लागले, रंग नीट ओळखता येईनात किंवा कावीळ वाटली तर मात्र त्याच दिवशी यायचे. आणि सहा महिने दारूला हात लावायचा नाही. हे सगळे त्यांनी भावाला एकट्याला न सांगता माझ्या भावजयीलाही समोर बसवून सांगितले. नारिंगी लघवी पाहून रुग्ण घाबरतात आणि गोळ्या बंद करतात, असे त्या म्हणाल्या. दहा मिनिटांचे हे बोलणे मला सगळ्या सेवेतले सर्वांत मोलाचे वाटले.

सहा महिने कशासाठी, हा प्रश्न मी त्यांना विचारला, कारण एरवी साधा ताप पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी उतरतो. त्यांचे उत्तर सोपे होते आणि मी नंतर वाचले त्याच्याशी ते जुळते. अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. औषध वाढत्या जंतूला चांगले मारते, आणि हा जंतू मुळात संथ, त्यात काही जंतू जवळजवळ निपचित पडून राहतात. ते हलतील तेव्हा औषध रक्तात असलेच पाहिजे, म्हणून रोजची गोळी. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगापुढे मांडला, तरी पहिले कामाचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. मधल्या साठ वर्षांत चांगली हवा आणि सकस जेवण हाच मुख्य उपाय रुग्णाच्या हाती होता. पाचगणीचे बेल एअर आणि मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम या क्षयरुग्णांना ठेवण्याच्या ठिकाणांमागे हाच विचार होता. माझ्या आजीच्या तोंडी ‘त्याला पाचगणीला ठेवलाय’ याचा अर्थ तो परत येईलच असे नाही, असा असायचा.

ती पद्धत बदलली ती आपल्याच देशातल्या प्रयोगाने. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षय-संशोधन केंद्राने निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरात ठेवून तीच औषधे दिली आणि घरचे रुग्णही तितकेच बरे होतात हे दाखवून दिले. माझा भाऊ सहा महिने आपल्या घरात, आपल्या मुलाजवळ राहिला तो या कामामुळे. तरीही आईने पहिल्या दिवशी त्याचे ताट, वाटी आणि तांब्या वेगळे काढले आणि ओळखायला ताटाच्या कडेला लाल दोरा बांधला. सेविका घरभेटीला आल्या तेव्हा त्यांनी तो दोरा पाहिला, काही न बोलता सोडून टाकला, आणि आमच्याच कपातून चहा घेतला. हा आजार भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. खिडक्या उघड्या ठेवा आणि पहिले काही आठवडे मास्क लावू द्या, एवढेच त्यांनी आईला सांगितले. घरातल्या प्रत्येकाची तपासणी झाली. कोणालाही आजार नव्हता, म्हणून मोठ्यांना आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा आणि चार वर्षांच्या पुतण्याला वजनाप्रमाणे रोजच्या गोळीचा प्रतिबंधक कोर्स मिळाला. खाजगीत याची कोणी आठवणही केली असती की नाही, याची मला शंका आहे.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली, ती स्वच्छ आली. वजन ५१ किलो भरले. वजनाचा गट बदलल्याचे सेविकेच्या लगेच लक्षात आले आणि गोळ्या तीनच्या चार झाल्या. ताप गेला होता, भूक परतली होती, वाशीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि खरी परीक्षा याच टप्प्यावर होती. मार्चच्या अखेरीस भावाने सलग चार दिवस गोळ्या चुकवल्या. टेम्पोत पाकीट ठेवायला लाज वाटते, क्लीनर विचारतो, आणि आता मला झालेय तरी काय, असे त्याचे म्हणणे होते. मी रागावलो, त्याचा उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी सेविका दारात उभ्या राहिल्या. त्यांनी रागावणे टाळले. ‘‘दादा, बरं वाटतंय म्हणजे जंतू मेले असं नसतं. ते झोपलेत. अर्धवट औषधानं उठले तर मग या गोळ्यांना ऐकायचे नाहीत,’’ असे म्हणून त्यांनी जुन्या पर्सच्या कप्प्यातून एक लहान डबी काढली, आठवड्याच्या गोळ्या तिच्यात मोजून भरल्या आणि ही खिशात ठेव, पाकीट घरी राहू दे, असे सांगितले. त्या दिवसापासून त्याची एकही गोळी चुकली नाही.

म्हणूनच ज्या दोन-तीन गोष्टी खटकल्या त्या अधिक लागल्या. चौथ्या महिन्यात उपकेंद्रातला साठा संपला आणि दोन आठवडे त्याला तीन-तीन दिवसांच्याच गोळ्या मिळत होत्या. रात्री टेम्पो चालवणाऱ्या माणसाने दर तीन दिवसांनी सकाळी रांगेत उभे राहायचे, म्हणजे गोळ्या सोडण्याला आयते निमित्त. रुग्णाला जेव्हा बरे वाटू लागते, तेव्हाच या सेवेची वीण सैल होते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याला येणारा फोन नंतर महिन्यातून एकदा येऊ लागला. चार दिवस चुकल्यावर दारात माणूस आला, तो त्या एका बाईच्या स्वभावामुळे. त्यांची बदली झाली असती तर कोण आले असते, हे मला कोणी सांगू शकले नाही.

दुसरे गाऱ्हाणे घरभेटीच्या पद्धतीचे. एकदा क्षयरोगाचा फलक लावलेली सरकारी गाडी भर दुपारी आमच्या दारात उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी किराणा दुकानात पोहोचली. पुढचा महिनाभर भावजयीला भिशीचा निरोप आला नाही. गाडी चौकात उभी करून माणूस चालत आला असता तर काही बिघडले नसते. आहाराच्या पैशांचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला पाचशेऐवजी हजार रुपये मिळतात आणि ते तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता वेळेवर आला; दुसरा, बँकेतले नाव आणि आधारवरचे नाव एका अक्षराने वेगळे असल्यामुळे, उपचार संपल्यावर जमा झाला. अंडी आणि शेंगदाणे खायचे होते ते मार्च-एप्रिलमध्ये.

तरीही कोणी विचारले, तर मी निःशंकपणे याच सेवेकडे पाठवीन. औषधे, तपासण्या आणि घरच्यांची काळजी यांत तिला तोड नाही. खाजगी डॉक्टरांकडेच जायचे असेल तर तिथूनही सरकारी नोंद करून घ्यावी. तपासणी आणि गोळ्या तिकडूनही मोफत मिळवता येतात. मात्र तिसऱ्या महिन्यापासून घरातल्या एकाने गोळ्यांचे पाकीट आपल्या ताब्यात घ्यावे, आणि बँकेचे कागद पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावेत.

जूनमध्ये १६८ वी मात्रा संपली आणि शेवटची थुंकीही स्वच्छ आली. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते. डिसेंबरच्या तपासणीचा फोन आला नाही. भाऊ आपणहून गेला. खोकला नव्हता, वजन ५८ किलो होते. सेविकेने त्याचा बदललेला मोबाइल नंबर वहीत लिहून घेतला. जूनची तारीख आईने नव्या कालनिर्णयावर आत्ताच लाल पेनाने लिहून ठेवली आहे.