ज्वारी राखायची : जाळी की चकाकती फीत?

मंगळवेढ्याकडच्या आमच्या काळ्या रानात दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितो. दाणा दुधात आला की चिमण्या येतातच, पण खरा घोर भोरड्यांचा. हिवाळ्याला मध्य आशियातून येणाऱ्या या पाखरांचा थवा उतरला की कणसात नुसती टरफलं उरतात. (टोळ आणि अळ्याही हीच फस्त करतात, पण त्या घडीला ते कुणाला आठवतंय!)

जाळीचं काम चोख. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर टाकली, कणीस गेलं नाही. पण आम्ही आणलेली स्वस्तातली, मासे धरायच्या जातीची बारीक नायलॉन. तिसऱ्या सकाळी कडेला भारद्वाज उलटा लटकलेला. ज्याचं दर्शन झालं की दिवस चांगला जातो म्हणतात, तो. ज्वारी खायला नाही, किडे टिपायला आला असणार. तांबूस पंखात दोरा असा रुतलेला की ब्लेडनं एकेक धागा कापायला पाऊण तास लागला. लाल डोळा सारखा माझ्यावर. सुटला, पण बांधापर्यंतच उडाला. आईनं संध्याकाळी एवढंच विचारलं, "जाळी कधी काढतोस?"

पुढं रोज पहाटे काय अडकलंय ते बघत फिरणं आलं. तेच मला झेपलं नाही. उद्या मोर गुंतला तर? १९७२च्या वन्यजीव कायद्याचं सोडा, पाटीपूजनाच्या सरस्वतीचं ते वाहन.

लाल-रुपेरी फितीला दोन-तीन पीळ देऊन कणसांच्या हातभर वर काठ्यांना बांधायची. वाऱ्यात घूं घूं करते. वारा पडला की मात्र मेली, आणि दहा-बारा दिवसांत पाखरं सरावतात. म्हणून ती लवकर लावू नये. शिवाय उजाडताना नि मावळतीला माळ्यावर (रानातल्या मचाणावर) गोफण घेऊन बसावंच लागतं. खडा न घालता नुसता फटका काढला तरी थवा उठतो. थंडीत हा जाच आहे, खोटं कशाला बोलू.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं गणित वेगळं. त्यांना जाळीच परवडत असेल. फक्त जाड धाग्याची घ्यावी आणि ताणून बांधावी. ज्वारीला मी फीतच लावतो. बांधाकडच्या दोन ओळी राखणीतून सोडल्यात. त्या पार साफ झाल्या. आतली कणसं बरीचशी शाबूत राहिली. एकरी दोन-चार पायल्या कमी आल्या असतील, मोजल्या नाहीत.