सीबायोपोर्टल: रंगीत चौकटींइतकेच करड्या चौकटींकडेही पाहावे लागते

कर्करोग हा जनुकांतील बिघाडांतून उद्भवणारा आजार आहे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि ते बिघाड शेकडो रुग्णांच्या गाठींमध्ये, जनुकामागून जनुक, डोळ्यांसमोर मांडलेले पाहणे वेगळे. सीबायोपोर्टल हे संकेतस्थळ ही दुसरी संधी देते, तीही विनामूल्य आणि खाते उघडायला न लावता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात ही सेवा आकाराला आली. तिची ओळख करून देणारे शोधनिबंध २०१२ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आता अमेरिकेबरोबरच कॅनडा, नेदरलँड्स व तुर्कस्तानातील संस्थाही तिच्या विकासात सहभागी आहेत. जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, अध्यापक, संशोधक आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्यासाठी हे परीक्षण आहे. मत आधीच सांगून टाकणे बरे: कर्करोग माणसागणिक आणि अवयवागणिक कसा बदलतो, हे दाखवण्यात या सेवेला तोड नाही, परंतु तो एखाद्या माणसाच्या शरीरात टप्प्याटप्प्याने कसा वाढत गेला, असे विचारले तर ती बहुतेक वेळा गप्प राहते, आणि पडद्यावरच्या नेटक्या आकृत्यांमुळे तिचे हे मौन सहसा लक्षात येत नाही.

सुरुवात अभ्यास निवडण्यापासून होते, आणि पहिली ठेचही तिथेच लागू शकते. या संग्रहाचा कणा म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेला द कॅन्सर जीनोम ॲटलस हा अमेरिकी प्रकल्प, ज्यात ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्याच गाठींची माहिती संग्रहात एकाहून अधिक रूपांत ठेवलेली आहे: मूळ शोधनिबंधाबरोबर आलेली, नंतर जुन्या प्रक्रियेतून काढलेली, आणि २०१८ च्या एकत्रित विश्लेषणातली. नवख्याने तिन्हींवर खूण केली तर एकच रुग्ण पुन्हा पुन्हा मोजला जातो. संकेतस्थळ नमुने एकमेकांत मिसळत असल्याची सूचना देते आणि पुनरावृत्ती टाळलेल्या अभ्यासांचा तयार संचही पुढे करते, म्हणून सरसकट तुलना करायची असेल तर त्या संचापासूनच आरंभ करावा. २०१८ च्या मालिकेत प्रकार ३३ असूनही अभ्यास ३२ दिसतात, याने गोंधळून जाऊ नये. मोठे आतडे आणि गुदाशय यांचे कर्करोग तिथे एकत्र केलेले आहेत.

अभ्यास निवडून जनुकांची नावे भरली की समोर येते ती ऑन्कोप्रिंट ही आकृती, आणि या सेवेची ख्याती बरीचशी तिच्यामुळेच आहे. प्रत्येक आडवी ओळ एका जनुकाची, प्रत्येक उभी पट्टी एका नमुन्याची. लाल रंग म्हणजे जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या, निळा म्हणजे जनुक जवळजवळ पुरते गळालेले, हिरवा म्हणजे प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदललेले, काळा म्हणजे प्रथिन अर्धवट तुटलेले. काहीच बदल नसेल तर चौकट करडी राहते. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात (ग्रंथीपेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगात) केआरएएस आणि ईजीएफआर ही दोन जनुके एकाखाली एक लावली, की एका ओळीतले रंग जिथे संपतात तिथे दुसरीतले सुरू होताना दिसतात. दोन्ही जनुके पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या एकाच संदेशमार्गावर असल्यामुळे त्यांपैकी एक बिघडले की दुसऱ्याच्या बिघाडाचा गाठीला विशेष लाभ उरत नाही. ही गोष्ट व्याख्यानात समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात. इथे ती पाहताक्षणी पटते.

मात्र याच ठिकाणी सावध राहावे लागते. अनेक अवयवांचे कर्करोग एकत्र घेऊन हीच आकृती काढली, तर एपीसी आणि व्हीएचएल ही जनुकेही एकमेकांना टाळताना दिसतील, कारण पहिले मुख्यतः मोठ्या आतड्याच्या गाठींत बिघडते आणि दुसरे मूत्रपिंडाच्या. यात संदेशमार्गाचा काही संबंध नाही. फरक केवळ अवयवाचा आहे. कोणती जनुके एकमेकांना टाळतात हे मोजणारे परस्परवर्जकतेचे कोष्टक पी-मूल्याबरोबर (असे निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेबरोबर) अनेक चाचण्यांसाठी दुरुस्त केलेले क्यू-मूल्यही देते, ही चांगली सोय आहे, परंतु नमुन्यांची सरमिसळ वापरणाऱ्यानेच केली असेल तर कोणतीही दुरुस्ती ती निस्तरू शकत नाही. सर्वाधिक बिघडलेल्या जनुकांच्या यादीबद्दलही असेच म्हणता येईल. संपूर्ण एक्सोम, म्हणजे प्रथिनांची माहिती असलेला डीएनएचा सगळा भाग, वाचलेल्या अनेक अभ्यासांत टीटीएन हे जनुक अगदी वर झळकते, पण ते कर्करोग घडवते म्हणून नव्हे. त्याचे प्रथिन चौतीस हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे, अवाढव्य असल्याने योगायोगाने होणारे बदल तिथे जास्त साठतात. कारक, म्हणजे कर्करोगाला चालना देणारे, बदल गडद छटेत आणि महत्त्व अनिश्चित असलेले बदल फिक्या छटेत दाखवण्याची पद्धत म्हणूनच उपयोगाची आहे, आणि ती छटा न पाहता नुसती टक्केवारी वाचणे धोक्याचे.

या सेवेतला सर्वांत सरस भाग कोणता, असे विचारल्यास उत्तर उत्परिवर्तनांच्या आकृतीकडे जाते. प्रथिन आडवे पसरलेले असते आणि ज्या जागी बदल सापडला तिथे एक दांडी उभी राहते. जितक्या नमुन्यांत तो बदल, तितकी दांडी उंच. ईजीएफआरचे उदाहरण घेऊन ही आकृती दोनदा काढावी, एकदा फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमासाठी आणि एकदा मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमासाठी. पहिल्या खेपेस उंच दांड्या पेशीच्या आतल्या, कायनेज म्हटल्या जाणाऱ्या भागावर दिसतात: ८५८ व्या जागी ल्युसीनऐवजी आलेले आर्जिनिन आणि एक्सॉन १९, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या जनुकाच्या एका तुकड्यामधील लहानशा गळती. दुसऱ्या खेपेस तो भाग बराचसा मोकळा राहतो आणि बदल पेशीबाहेरच्या भागात, २८९ आणि ५९८ या जागांभोवती गोळा होतात. शिवाय ऑन्कोप्रिंटमध्ये त्याच जनुकाची ओळ लाल रंगाने भरून जाते, कारण या गाठींत त्याच्या प्रती वाढलेल्या असतात. जनुक तेच, प्रथिन तेच, तरी दोन अवयवांत बिघडण्याच्या तऱ्हा निराळ्या. फुप्फुसाच्या रुग्णांना ज्या ईजीएफआर-रोधक औषधांचा लाभ झाला, ती ग्लायोब्लास्टोमात निराशाजनक का ठरली, याच्या अनेक कारणांपैकी एक या दोन आकृत्या शेजारी ठेवल्यावर दिसू लागते. एवढे असूनही ग्लायोब्लास्टोमातला एक प्रसिद्ध बदल, दुसऱ्या ते सातव्या एक्सॉनची एकत्र गळती, या दांड्यांमध्ये सहसा सापडत नाही, कारण तो मोठा रचनात्मक बदल आहे आणि लहान बदल टिपणाऱ्या साध्या पद्धतीच्या हाती लागत नाही. आकृतीत नाही म्हणजे गाठीत नाही, असे समजणाऱ्याला हे जनुक चांगला धडा देते.

करड्या चौकटींचा प्रश्न इथूनच पुढे येतो. मेमोरियल स्लोन केटरिंगचे स्वतःचे एमएसके-इम्पॅक्ट हे चाचणी-संच या संग्रहात मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांत तपासल्या जाणाऱ्या जनुकांची संख्या ३४१, ४१०, ४६८, ५०५ अशी वाढत गेली. साहजिकच जुन्या नमुन्यांत नंतर समाविष्ट झालेली जनुके वाचलेलीच नाहीत. संकेतस्थळ ‘बदल आढळला नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ या दोन अवस्था वेगळ्या दाखवते, आणि जनुकाच्या टक्केवारीपुढे छोटी तारांकित खूण असेल तर सर्व नमुन्यांत ते जनुक तपासलेले नाही असा तिचा अर्थ होतो. खूण प्रामाणिक आहे, पण इतकी बारीक, की सादरीकरणासाठी पडद्याचे चित्र उचलणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास सुटते. ती अधिक ठळक असायला हवी होती.

आता काळाविषयी. कर्करोग म्हणजे एका पेशीपासून निघालेल्या वंशावळींची उत्क्रांती, ही कल्पना पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये स्पष्ट मांडली, आणि त्यानंतरचे कर्करोगजीवशास्त्र बऱ्याच अंशी तिच्यावर उभे आहे. परंतु ॲटलसमधील बहुतेक रुग्णांच्या गाठीचा एकच तुकडा, एकदाच, सर्व पेशी एकत्र घोटून वाचला गेला आहे. असा नमुना म्हणजे घटना घडून गेल्यावर केलेला पंचनामा होय. कोणता बिघाड आधी आणि कोणता नंतर हे त्यातून अनुमानानेच काढावे लागते, आणि गाठीच्या एका कोपऱ्यात दडलेली, उपचारांना दाद न देणारी उपशाखा त्यात अजिबात न उमटण्याची शक्यता असते. फुप्फुसाच्या कर्करोगावरील ट्रेसरएक्स या ब्रिटिश अभ्यासाने एकाच गाठीच्या अनेक भागांतून नमुने घेतले, तेव्हा ही उणीव किती मोठी आहे हे दिसून आले.

रुग्णनिहाय पान हा यावरचा अपुरा, तरी मोलाचा उतारा आहे. कमी श्रेणीच्या ग्लायोमा या मेंदूच्या गाठींवरील २०१४ चा अभ्यास उघडावा. त्यात मूळ गाठ आणि काही काळाने पुन्हा उद्भवलेली गाठ असे जोडीचे नमुने आहेत. शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि नमुना घेण्याची वेळ एका आडव्या रेषेवर दिसते आणि खाली प्रत्येक बदल कोणत्या नमुन्यात किती प्रमाणात आहे हे मांडलेले असते. टेमोझोलोमाइड हे औषध दिलेल्या काही रुग्णांच्या परतलेल्या गाठीत उत्परिवर्तनांची संख्या एकाएकी प्रचंड वाढलेली दिसते. डीएनएच्या नक्कलेतील चुकीच्या जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेल्या पेशी तिथे टिकून फोफावल्या होत्या. आयडीएच१ या जनुकातला बदल मात्र दोन्ही नमुन्यांत असतो, म्हणजे तो मुळाशी आहे. असे जोडीचे नमुने असलेले अभ्यास थोडे आहेत, आणि मुखपृष्ठावरील लांबलचक यादीतून ते हुडकून काढणे कष्टाचे आहे.

जगण्याच्या कालावधीचे आलेख एका टिचकीसरशी मिळतात, आणि नेमका तोच त्यांचा दोष. आजार पसरल्यानंतर चाचणीसाठी आलेल्या रुग्णांच्या संचात चाचणीपूर्वीच दगावलेले रुग्ण मोजलेच जात नाहीत. निदानाच्या दिवसापासून काळ मोजला तर उरलेले सगळे आहेत त्यापेक्षा अधिक जगताना भासतात. वय, आजाराचा टप्पा आणि उपचार यांचा हिशेब वापरणाऱ्याने स्वतः लावायचा असतो. ॲटलसमधील रुग्ण मोठ्या प्रमाणात युरोपीय वंशाचे होते, हेही कोणत्याही टक्केवारीचा वापर इतर समाजांसाठी करताना विसरून चालत नाही. आनुवंशिक बदलांची माहिती गोपनीयतेच्या कारणाने बहुतांश मर्यादित ठेवलेली आहे, त्यामुळे घराण्यातून आलेल्या कर्करोगाच्या जोखमीविषयी काही शोधायचे असेल तर इथे फारसे हाती लागणार नाही.

ऑन्कोकेबी या ज्ञानसंग्रहाच्या नोंदी बदलांशेजारी दिसतात आणि कोणत्या बदलासाठी कोणत्या पातळीचा औषधी पुरावा आहे ते सांगतात. विद्यार्थ्यांना त्या उपयोगी आहेत. रुग्णाच्या नातेवाइकांनी मात्र त्यांवरून उपचार ठरवू नयेत, कारण एकच बदल एका अवयवात औषधाला दाद देतो आणि दुसऱ्यात देत नाही.

विशिष्ट प्रकारचे बदलच शोधण्यासाठी या सेवेची एक छोटी प्रश्नभाषा आहे. ती तासाभरात शिकता येते आणि शिकण्याजोगी आहे. सर्व माहिती उतरवून घेता येते आणि आज्ञावली एजीपीएल या मुक्त-वापराच्या परवान्याखाली खुली असल्याने संस्थांना आपल्या रुग्णांची माहिती ठेवण्यासाठी स्वतःची आवृत्तीही उभारता येते. प्रबंधात यातली आकृती वापरणाऱ्याने अभ्यासाचे पूर्ण नाव, निवडलेले नमुने आणि पाहणीची तारीख आकृतीखालीच लिहावी, कारण अभ्यासांत भर पडत राहते, कारक बदलांच्या याद्या सुधारल्या जातात, आणि तोच प्रश्न काही महिन्यांनी विचारला तर आकडे थोडे निराळे येऊ शकतात.