मेंदूतल्या गाठीवर औषध: वेफर की नॅनोकण?

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की केमोची बहुतेक औषधं रक्तातून पलीकडे पोचतच नाहीत. मग या भिंतीला वळसा घालायचा, की तिच्यातूनच वाट काढायची?

वेफर वळसा घालतात. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत सर्जन कार्मुस्टिन या केमोच्या औषधाच्या जास्तीत जास्त ८ चकत्या, म्हणजेच वेफर, ठेवतात, प्रत्येकीत ७.७ मिलिग्रॅम औषध, हळूहळू सुटणारं. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पण औषध कडेपासून काही मिलिमीटरच झिरपतं, आणि ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या पेशी त्याच्याही पुढे पसरलेल्या असतात. शिवाय कवटी उघडावी लागतेच.

नॅनोकण, म्हणजे औषध भरलेले अतिसूक्ष्म कण, शिरेतून देता येतात, तेही पुन्हापुन्हा. साधारण १०० नॅनोमीटरच्या कणावर ट्रान्सफेरिन हे प्रथिन लावलं, की वाहिनीच्या पेशी त्याला ओळखीचं समजून आत ओढून घेऊ शकतात. शरीराचीच वाट औषधासाठी वापरायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मात्र बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात, आणि उंदरांत दिसलेला फायदा माणसांत अजून तसा सिद्ध झालेला नाही.

शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर वेफरबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावं. नॅनोकणांसाठी मात्र प्रश्न वेगळा: नव्या उपचाराच्या एखाद्या चाचणीत सहभागी होता येईल का?