डबा मॅचचा, छर्रे भलतेच

एअर रायफलच्या छर्ऱ्यांत गिऱ्हाईक फसवणं फार सोपं आहे, कारण खराब छर्ऱ्याचा दोष छर्ऱ्यावर येतच नाही. शॉट मधल्या दहाच्या ठिपक्याऐवजी आठाच्या वर्तुळात गेला की नेमबाज आधी श्वास तपासतो, मग ट्रिगर, मग साइट (नेम धरायची खूण), मग बॅरल (नळी). डब्याकडे बघायची पाळी सगळ्यात शेवटी येते. तोवर डबा अर्धा रिकामा झालेला असतो आणि विकणारा हात झटकून मोकळा. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. दहा मीटरवर सराव करणाऱ्या आणि परवडणाऱ्या मॅच (म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या) छर्ऱ्यांच्या शोधात असलेल्यांनी सावध व्हावं म्हणून लिहितोय.

माझ्या रायफलला एका नावाजलेल्या कंपनीचे ०.५३ ग्रॅमचे, ४.५० हेड साइजचे (म्हणजे डोक्याचा व्यास ४.५० मिलिमीटर असलेले) मॅच छर्रे मानवतात. पाचशेचा डबा बघता बघता संपतो आणि मॅच छर्रे कुठेच स्वस्त नसतात. अशात ऑनलाइन विकणारा एक जण भेटला. वितरकाकडचा शिल्लक माल आहे, कंपनी तीच, हेड साइज तीच, लॉटही (एका खेपेत बनलेला माल) एकच, म्हणून कमी भावात देतोय, असं त्याचं म्हणणं. सोबत एका टार्गेटचा फोटो: पाच शॉट आणि मधोमध जवळपास एकच भोक. डबे आले तेही नवे कोरे, स्क्रूचं झाकण, आत फोमची चकती, तळाला लॉट नंबर. संशय यावा असं काहीच नव्हतं.

मग सुरू झाला ताप. चार शॉट बरोब्बर दहात, पाचवा आठात, तोही भलत्याच दिशेला. ज्यांनी थोडीफार नेमबाजी केली आहे त्यांना कळेल की वाईट शॉट सुटताना हाताला कळतो. इथे हात सांगत होता दहा आणि कागद दाखवत होता आठ. विक्रेत्याला कळवलं तर उत्तरं तयारच होती. ‘सर, बॅरल साफ करून बघा.’ बॅरल साफ केली. ‘सर, नव्या लॉटला बॅरल सेट व्हायला वेळ लागतो, अजून थोडे मारा.’ तेही केलं. मग आलं, ‘सर, राग मानू नका, पण आमच्या बाकी कोणाची तक्रार नाही.’ हे शेवटचं वाक्य मोठं हुकमी. समोरच्याच्या आत्मविश्वासावरच घाव घालायचा, म्हणजे माल बाजूला राहतो.

यावर उपाय एकच, माणसाला मधून काढून टाकायचं. आमच्या प्रशिक्षक सरांनी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला पक्क्या केलेल्या शिकंजात, आवळली आणि दहा मीटरवर आधी माझ्या जुन्या डब्यातले उरलेसुरले छर्रे मारले, लगेच त्याच बैठकीत नवे. जुन्यांचं एक नीटस भोक पडलं, छर्ऱ्याहून जेमतेम मोठं. नव्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, असा पसरला की दोन टोकांच्या भोकांची केंद्रं नऊ मिलिमीटर लांब. आता हिशेब बघा. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि छर्ऱ्याची कड त्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलं तरी चालतं. व्हाइसमधला अख्खा ग्रुप केंद्र ते केंद्र पाच मिलिमीटरच्या आत असला तरच त्या छर्ऱ्यांनी दरवेळी दहा मारणं निदान शक्य असतं. नऊ मिलिमीटरचा ग्रुप देणाऱ्या छर्ऱ्यांनी जगातला सर्वोत्तम नेमबाजही मधूनमधून नऊ मारणारच, आणि हात जरा हलला की आठही. शिवाय दशांशात गुण मोजतात तिथे ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर.

मग डबा टेबलावर ओतला. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. चांगल्या डब्यातले छर्रे ०.५३ च्या अगदी आसपास राहतात, फरक पडतो तो मिलिग्रॅममध्ये. यातले ०.४९ पासून ०.५६ पर्यंत काहीही. पण नुसत्या वजनावर भांडता येत नाही, म्हणून सरांनी काच मागवली. काचेची पट्टी किंचित तिरकी ठेवून छर्रा आडवा सोडला तर तो सरळ घरंगळत नाही, वळण घेतो, कारण मागचा स्कर्ट (पोकळ घेर) पुढच्या डोक्यापेक्षा रुंद असतो. एका साच्यातले छर्रे एकाच वळणाने जाऊन जवळपास एकाच जागी थांबतात. आमचे दोन ढीग झाले आणि काही तर तिसरीकडेच गेले.

भिंगाखाली धरल्यावर गोष्ट उघड झाली. एका ढिगातल्या छर्ऱ्यांच्या स्कर्टच्या आत साच्याची बारीक खूण होती, दुसऱ्यात नव्हती. काहींच्या कमरेवर जोडाची धारदार रेघ, काहींचे स्कर्ट एका बाजूने चेपलेले, काहींवर पांढरी भुकटी. ही भुकटी म्हणजे हवेने खाल्लेलं शिसं, माल बराच काळ उघड्यावर पडून असल्याची निशाणी. (ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा. नव्या छर्ऱ्यांनाही हे लागू आहे, पण रेंजवर कोण ऐकतं!) थोडक्यात, रिकामे मॅच डबे गोळा करून त्यात सुटा माल भरलेला. स्कर्ट चेपलेला असला की तो बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांत सगळीकडून सारखा बसत नाही, हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा डुलत जातो. कागदावरची दोन-तीन भोकं लंबगोल होती, एका कडेला शिशाचा काळपट ओरखडा. ते त्या डुलण्याचंच.

आणि तो फोटो! तो पुन्हा मोठा करून बघितला तेव्हा सर हसलेच. मॅचचा छर्रा चपट्या तोंडाचा असतो, तो कागद पंचिंग मशीनसारखा गोल कापतो. फोटोतल्या भोकांच्या कडा फाटलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या, म्हणजे ते शॉट गोल डोक्याच्या छर्ऱ्यांचे. तो ग्रुप या मालाचा नव्हताच. अंतर किती, रायफल कोणती, लॉट कोणता, फोटोसोबत काहीच लिहिलेलं नव्हतं. विकणाऱ्याचा टार्गेटचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे, हे आता मी कोणालाही सांगेन. तोच छर्रा दुसऱ्या बॅरलमधून वेगळा ग्रुप देतो, त्यामुळे खरा फोटोसुद्धा तुमच्या कामाचा नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर, ‘उघडलेला डबा परत घेत नाही.’ न उघडता आतला माल कळावा कसा, यावर त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं. मी वजनांचा तक्ता, भिंगाखालचे फोटो आणि दोन्ही ग्रुपचे कागद पाठवले. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

स्वस्त छर्रे घेऊच नका असं मी म्हणणार नाही. उलट उभ्याने सराव करणाऱ्या बहुतेकांचा स्वतःचा हात छर्ऱ्यापेक्षा जास्त हलतो, त्यामुळे रोजच्या सरावाला त्याच कंपनीचा खालच्या दर्जाचा, सरावासाठी म्हणून विकला जाणारा डबा अगदी पुरतो. बचत तिथे करावी. हाताने निवडलेले महागडे छर्रे स्पर्धेपुरते. आधी ४.४९, ४.५० अशा वेगवेगळ्या हेड साइजची नमुना पाकिटं घेऊन व्हाइसमध्ये मारून बघा, आणि जे जमलं त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. मॅचच्या डब्यात सुटा माल मात्र ना सरावाचा ना स्पर्धेचा. तो तुम्हाला नसलेल्या चुका दुरुस्त करायला लावतो. मी साइट आणि गालपट्टी (रायफलवर गाल टेकवायचा भाग) दोन्ही हलवून बसलो होतो, ती पुन्हा जागेवर आणण्यात जो वेळ गेला त्याचा हिशेब कोणी देत नाही.

आता नवीन विक्रेत्याकडून घेताना मी आधी एकच डबा मागवतो, उघडतानाचा व्हिडिओ काढतो, आणि तळाच्या लॉट नंबरचा फोटो कंपनीला पाठवून विचारतो. खरा माल विकणारा या सगळ्याला वैतागत नाही. ‘लॉट नंबरने काय फरक पडतो सर?’ असं जो विचारतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

उरलेले बहुतेक छर्रे रेंजवरच्या शिशाच्या भंगारात टाकले. एक डबा मात्र लेबल, बिल आणि काचेवर वेगळे झालेल्या त्या दोन ढिगांसकट बाजूला ठेवलाय, कारण तक्रार अजून चालू आहे.