पत्ता बरोबर होता, बँक खोटी होती

सांगलीत गेली अनेक वर्षे मी करसल्लागार म्हणून काम करतो. दोन खोल्यांचे कार्यालय, चार संगणक आणि दारामागे खिळ्याला अडकवलेला, वर धूळ साचलेला एक मोडेम एवढाच आमचा पसारा. हा मोडेम २०१३ साली जोडणी घेतली तेव्हा नेटवाल्या मुलाने बसवला आणि त्यानंतर बंद करून चालू करण्यापलीकडे आमच्यापैकी कोणीही त्याला हात लावला नाही. १४ मार्च २०१८ रोजी माझ्या खात्यातून नव्वद हजार रुपये गेले ते याच डबीमुळे. हे मला स्वतःला समजायला बारा दिवस लागले, म्हणून तो प्रकार क्रमाने लिहून ठेवत आहे.

त्या दिवशी बुधवार होता. आगाऊ कराच्या शेवटच्या हप्त्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असल्याने कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे हिशेब पाहणाऱ्या ताईंनी बँकेचे पान उघडण्यासाठी ब्राउझरमध्ये जतन केलेली खूण दाबली, तेव्हा पडद्यावर लाल इशारा आला की हे संकेतस्थळ खरोखर तेच आहे याची खात्री देता येत नाही. त्यांनी मला हाक मारली. "सर, हे बघा काय येतंय." मी जागेवरूनच सांगितले की ॲंटिव्हायरसची मुदत संपली असेल, मी माझ्या संगणकावरून करतो. मग मी माझ्या ब्राउझरमध्ये बँकेचा पत्ता एकेक अक्षर पाहून हाताने टंकित केला. बँकेच्या प्रत्येक सूचनेत हेच सांगितलेले असते की आलेल्या दुव्यावर जाऊ नका, पत्ता स्वतः टंकित करा. माझ्या पक्षकारांनाही मी तेच सांगत आलो होतो.

पान नेहमीचेच उघडले. चिन्ह, रंग, डाव्या बाजूला फसवणुकीपासून सावध राहण्याचा संदेश, सारे काही जागच्या जागी होते. वापरकर्ता क्रमांक आणि पासवर्ड दिल्यावर 'सुरक्षा अद्ययावत करण्यासाठी' व्यवहाराचा पासवर्डही मागितला गेला, तो मी दिला, आणि मग फोनवर आलेला ओटीपीही भरला. त्या संदेशात नवा लाभार्थी जोडण्यासाठी हा क्रमांक आहे असे इंग्रजीत स्वच्छ लिहिलेले होते, पण मी फक्त सहा आकडे वाचले. त्यानंतर 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही' असे उमटले आणि मी बँकेला मनातल्या मनात शिव्या घालत पुढच्या कामाला लागलो.

जेवताना, दीडच्या सुमारास, ४९ हजार रुपये गेल्याचा संदेश पाहिला. मी लगेच ग्राहक सेवेला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि 'सगळे बंद करा' म्हणून विनवले. पलीकडच्या व्यक्तीने माझे एटीएम कार्ड बंद केले. नेट बँकिंग मात्र चालूच राहिले आणि चार वाजून दहा मिनिटांनी आणखी ४१ हजार त्याच लाभार्थीकडे गेले.

बँकेचे पहिले मत असे पडले की माझ्या संगणकात विषाणू असावा. दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्याने चारही यंत्रे तपासली आणि त्याला काहीही सापडले नाही, कारण संगणकांमध्ये काही नव्हतेच. शुक्रवारी नेट फार हळू चालते म्हणून नेटवाल्या मुलाला बोलावले होते. त्याने ब्राउझरमध्ये मोडेमच्या मांडणीचे, म्हणजे सेटिंगचे, पान उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "डीएनएस कुणीतरी हलवलाय वाटतं." मग टाचणी मागून घेऊन मागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली, सगळी मांडणी मूळपदावर आणली आणि माझ्या सांगण्यावरून नवा पासवर्ड घातला. जुना पासवर्ड वापरकर्त्याच्या नावासारखाच 'ॲडमिन' होता. पाच वर्षे तो तसाच होता हे मला त्या दिवशी कळले.

डीएनएस म्हणजे काय हे मला माझ्या भाच्याने समजावले. तो पुण्यात नेटवर्किंगचे काम करतो आणि गुढीपाडव्याला घरी आला होता. पूर्वी आपण टेलिफोन खात्याच्या १९७ या क्रमांकावर फोन करून एखाद्या दुकानाचा नंबर विचारत असू आणि तिकडून सांगितलेला नंबर डोळे झाकून फिरवत असू. संगणकही प्रत्येक संकेतस्थळाचे नाव अशाच एका चौकशी खिडकीला विचारतो आणि तिने दिलेल्या आकडी पत्त्यावर जातो. ही खिडकी कोणती, हे घरातल्या वा कार्यालयातल्या सर्व संगणकांना आणि फोनना बहुतेक वेळा मोडेमच सांगतो. मोडेममधले ते दोन आकडी पत्ते चोराने बदलले की चौकशीला चोराचा माणूस बसला. तो बाकी सगळे नंबर खरे सांगतो, त्यामुळे बातम्या, ईमेल, कर विभागाचे संकेतस्थळ यांत काहीच वावगे दिसत नाही. फक्त निवडक बँकांची नावे विचारली की तो स्वतःच्या यंत्राचा पत्ता देतो.

ब्राउझरच्या पट्टीत त्या वेळी बँकेचेच नाव दिसत असते, कारण नाव आपणच लिहिलेले असते. फरक होता तो नावाच्या डावीकडे. खऱ्या पानावर तिथे तेव्हा कुलूप असायचे. खोट्या पानाकडे ओळख पटवणारे, बँकेच्या नावाचे डिजिटल प्रमाणपत्र नसल्याने ते साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीवर उघडले होते, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून क्रोम अशा पासवर्ड मागणाऱ्या पानांवर 'सुरक्षित नाही' असे करड्या अक्षरांत लिहीत आला होता. ताईंच्या जतन केलेल्या खुणेत कुलूपवाल्या जोडणीचा, https ने सुरू होणारा पूर्ण पत्ता होता, म्हणून त्यांना लाल इशारा मिळाला. मी नुसते नाव टंकित केले आणि तो इशारा स्वतःच्या हाताने टाळला. याची खंत मला रकमेपेक्षा जास्त आहे, कारण त्या बाईंनी वेळेवर हाक मारली होती.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बदललेल्या डीएनएसचा फोटो काढला होता ना?" काढला नव्हता. "मामा, पुरावा टाचणीनं पुसलात की!" जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या सायबर शाखेत मी तक्रार दिली होती, पण तिथे दाखवायला माझ्याकडे बँकेच्या उताऱ्याशिवाय काही नव्हते. त्याने मला रोज सकाळी मोडेमचे पान उघडून ते दोन पत्ते पाहण्याची सवय लावली. मला तो अतिरेक वाटला होता.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, पत्ते पुन्हा बदललेले होते. पासवर्ड तर नवा होता, तोही चौदा अक्षरी. या वेळी मी टाचणीला हात लावला नाही. आधी पडद्याचे फोटो काढले. मग भाच्याच्या सांगण्यावरून माझा आणि ताईंचा असे दोन फोन टेबलावर शेजारी ठेवले, एक कार्यालयाच्या वायफायवर आणि दुसरा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, आणि दोन्हींवर बँकेचे तेच नाव टंकित केले. डेटावरच्या फोनवर हिरवे कुलूप आले. वायफायवरच्या फोनवर तेच पान, तेच नाव, पण कुलूप नाही. दोन्ही फोन एका चौकटीत घेऊन ताईंनी फोटो काढला. पुढे माझ्या तक्रारीला जे काही वजन आले ते या एका फोटोमुळे.

पासवर्ड बदलूनही चोर आत कसा आला, याचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. या जातीच्या अनेक स्वस्त मोडेममध्ये एक दोष होता आणि तो जानेवारी २०१४ मध्येच जाहीर झालेला होता. मोडेमची सगळी मांडणी जतन केलेली 'रॉम-झिरो' नावाची एक फाइल पासवर्ड न विचारता कोणालाही उतरवून घेता येत असे आणि तिच्यातून मोडेमचा पासवर्ड सहज उलगडता येत असे. म्हणजे कुलूप कितीही भारी लावा, किल्ली उंबऱ्यावरच ठेवलेली. त्यातच आमच्या मोडेमचे पान इंटरनेटवरून बाहेरच्या कोणालाही उघडता येईल असे ठेवलेले होते. नेटवाल्या मुलाला विचारले तर तो म्हणाला की तक्रार आली की ऑफिसमधूनच दुरुस्त करता यावी म्हणून ते तसे ठेवतात. त्याची फेरी वाचावी म्हणून आमचे दार जगाला उघडे होते, आणि हे त्याने लपवलेही नाही, कारण त्यात काही चुकते आहे असे त्याला वाटतच नव्हते.

मार्च २०१४ मध्ये टीम सिम्रू या अमेरिकी सुरक्षा संस्थेने जगभरातल्या ३ लाखांहून अधिक घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या राउटरमधले, म्हणजे आमच्या मोडेमसारख्याच डब्यांमधले, डीएनएस पत्ते असेच बदललेले आढळल्याचे प्रसिद्ध केले होते आणि सर्वाधिक फटका बसलेल्या देशांत भारत होता. त्याआधी ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेम अशाच रीतीने बँकांच्या ग्राहकांना लुटण्यासाठी वापरले गेले होते. माझ्याकडे हे घडले तेव्हा ही माहिती चार वर्षे जुनी होती. ती मोडेम विकणाऱ्याकडून, जोडणी देणाऱ्याकडून वा बँकेकडून माझ्यापर्यंत कधीच आली नाही.

भाच्याने तात्पुरता उपाय म्हणून मोडेमचे पान बाहेरून दिसणे बंद केले आणि बाहेरून पोर्ट ८० वर, म्हणजे असे पान ज्या क्रमांकाच्या दाराने उघडते त्यावर, येणारी प्रत्येक विनंती कोणत्याच संगणकाला न दिलेल्या आतल्या एका पत्त्याकडे वळवली, म्हणजे येणाऱ्याला भिंतच लागावी. उत्पादकाच्या संकेतस्थळावर आमच्या मॉडेलसाठी दोष दुरुस्त केलेले फर्मवेअर, म्हणजे मोडेमच्या आत चालणारा प्रोग्रॅम, नव्हते. दुसऱ्या आठवड्यात मी नवा राउटर घेतला आणि जुना, फोटोंच्या प्रतींसह, पाकिटात घालून कपाटात ठेवला. घेताना मी दुकानदाराला या मॉडेलला फर्मवेअरची शेवटची सुधारणा कधी आली असे विचारले, तेव्हा त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्याचे सांगितले.

पैशांचे असे झाले. अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल तेव्हा रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक लागू होते. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा प्रसंगी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर भार येत नाही, असे त्यात म्हटले होते. मी त्याच कलमावर बोट ठेवले. बँकेने ओटीपीच्या संदेशावर बोट ठेवले, आणि तो संदेश मी वाचला नव्हता हे खरेच आहे. त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाने कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेने सोसायचे होते. महिनाभर समाधानकारक उत्तर न आल्याने मी बँकिंग लोकपालांकडे गेलो आणि तक्रार क्रमांकाच्या वेळेमुळे नंतरचे ४१ हजार परत मिळाले. आधीचे ४९ हजार मिळाले नाहीत. माझा निष्काळजीपणा मला मान्य आहे, पण चार वर्षे जाहीर असलेला दोष भिंतीवर टांगून जाणाऱ्यांचा वाटा त्या हिशेबात शून्य धरला गेला, हे मला आजही पटत नाही. आता अशा वेळी फोन करण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेव्हा तो नव्हता. बँकेला फोन करताना 'कार्ड नव्हे, नेट बँकिंग बंद करा' असे शब्दांत सांगावे आणि समोरच्याकडून तेच वदवून घ्यावे.

आमच्या इमारतीत त्याच मुलाने बसवलेले त्याच मॉडेलचे आणखी पाच मोडेम होते. सगळ्यांची परवानगी घेऊन मी आणि भाच्याने ते पाहिले. पाचही ठिकाणी पासवर्ड 'ॲडमिन' होता आणि दोन ठिकाणी डीएनएसचे पत्ते माझ्याकडे सापडले तेच होते. त्या दोघांनी त्याच आठवड्यात मोडेम बदलले. उरलेल्या तिघांपैकी पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी मला चहा पाजला, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण आमचं नेट तर व्यवस्थित चालतंय की."