साड्यांच्या छायाचित्रणासाठी व्यावसायिक छायाचित्रकार: खर्च अठरा हजार, अनुभव सविस्तर

विलेपार्ल्यात घरातूनच हातमागाच्या साड्या विकण्याचा माझा व्यवसाय आहे आणि गेल्या वर्षापर्यंत सर्व साड्यांची छायाचित्रे मी बाल्कनीच्या दारात उभी राहून मोबाइलवरच काढत असे. गेल्या दिवाळीत ११ साड्या परत आल्या. त्यांपैकी ७ जणींनी एकच कारण कळवले, की फोटोतला रंग हा नव्हे. आमसुली म्हणून घेतलेली साडी हातात आल्यावर जांभळी निघत होती आणि चूक त्यांची नव्हती. म्हणून यंदा लोअर परळच्या एका छायाचित्रकाराकडे हे काम सोपवले. पुढे तक्रारही लिहायची असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही.

पहिल्या भेटीला ते कॅमेरा न घेताच घरी आले आणि तासभर फक्त प्रश्न विचारत राहिले: गिऱ्हाइके फोनवर काय विचारतात, कोणती साडी लवकर संपते, फोटो कुठे टाकता. पदर उलगडून दाखवा आणि काठ केवढा आहे, हे दोन प्रश्न मला रोज येतात, असे मी सांगितले आणि त्यावरूनच यादी ठरली. प्रत्येक साडीची तीनच छायाचित्रे काढायची: नेसलेली, पूर्ण पदराची आणि काठावर चार बोटे टेकवलेली, म्हणजे रुंदी न सांगता कळावी. ही बोटांची युक्ती इतकी साधी आहे की पाच वर्षांत ती मला सुचली नाही याचेच नवल वाटते. गडद साड्या सकाळी आणि फिक्या साड्या दुपारी, हा क्रमही तेव्हाच ठरला. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजून उजेड ठरवते, त्यामुळे काळी चंद्रकळा राखाडी दिसते आणि पांढरी साडी मळकट. सारख्या छटांच्या साड्या एकत्र ठेवल्या की प्रकाशयोजना वारंवार बदलावी लागत नाही.

प्रत्यक्ष चित्रीकरणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो धूपछाव साडीवर गेलेला अर्धा तास. या साडीत ताणा म्हणजे उभे धागे हिरवे आणि बाणा म्हणजे आडवे धागे जांभळे, त्यामुळे कापड हलले की रंग बदलतो, आणि माझ्या मोबाइलने आजवर त्यातला एकच रंग टिपला होता. त्यांनी आधी साडीशेजारी करडे कार्ड धरून रंगाचा तोल जुळवला, समोरचा दिवा बंद केला, उजवीकडून तिरपा उजेड घेतला आणि माझ्या भाचीला निऱ्या किंचित उघडायला सांगितल्या. घडीच्या एका अंगाला हिरवा आणि दुसऱ्या अंगाला जांभळा रंग एकाच चौकटीत आला. गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा आपल्या हातात नसतो, तेव्हा रंगाचे नाव मजकुरात लिहाच, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

नियोजन एकदा फसलेही, आणि त्यात निम्मा दोष माझा होता. चार साड्या वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्यांवर घ्यायच्या, असा माझा हट्ट होता. ठरवलेल्या रविवारी सकाळी सातला पोहोचलो तर पायऱ्यांवर तर्पणासाठी आलेल्या कुटुंबांची गर्दी होती, कारण तो पितृपंधरवडा होता आणि आम्हा दोघांपैकी कोणीही दिनदर्शिका उघडून पाहिली नव्हती. अशा ठिकाणी पिवळ्याधमक पैठणीत भाचीला उभे करणे आम्हाला योग्य वाटेना, म्हणून कॅमेरा न उघडताच परतलो. त्या सकाळचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

खरी तक्रार छायाचित्रांवरच्या नंतरच्या संस्काराबद्दल आहे. फोटो ठरल्यापेक्षा ९ दिवस उशिरा मिळाले, आणि पाहते तो चेहऱ्यावरचे डाग पुसता पुसता सुती साड्यांच्या सुतातल्या बारीक गाठीही पुसल्या गेल्या होत्या. त्या गाठींवरूनच तर हातमाग ओळखू येतो! गाठी राखायच्या, हे बैठकीत दोघांनाही सुचले नव्हते. सांगितल्यावर १४ फोटो त्यांनी विनामूल्य पुन्हा करून दिले, पण नवरात्राचा पहिला आठवडा हातचा गेला.

करारनाम्यात फोटोंचे हक्क त्यांच्याकडे राहतील असे कलम होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढायला सांगणारा असतो. म्हणून ते कलम मी काढायला लावले आणि त्यांनी कुरकुर न करता काढले. सही करण्यापूर्वी एवढे अवश्य वाचावे.

एकूण २४ साड्या, ७२ छायाचित्रे आणि १८,००० रुपये, म्हणजे एका छायाचित्राला अडीचशे. या दिवाळीत ३ साड्या परत आल्या, त्यांपैकी रंगाच्या कारणाने एकच. मात्र हा हिशेब ज्या साड्या मी पुन्हा पुन्हा विणून घेते त्यांच्यापुरताच जुळतो. एकुलती एक पैठणी विकली गेली की तिचा फोटोही संपतो, त्यामुळे तशा साड्या मी अजूनही बाल्कनीच्या दारातच टिपते. फक्त आता शेजारी करडे कार्ड असते.